वरच्याने मारलं तर वाजवायचं नाही

मूकपट हा शब्द ज्याने काढला, तो कधी आमच्या थेटरात आला नसणार. आला असता तर कानांत बोटं घालून बाहेर पळाला असता. लोकांचं खिदळणं, वर यंत्राची खडखड, आणि पडद्यामागे आमचा दादा. कोणी आपटलं की ढोल, कोणी घसरलं की शिट्टी, काचसामान फुटलं की फुटक्या बशांनी भरलेलं खोकं, थोबाडीत बसली की चामड्याचा पट्टा बाकावर. चित्रातली माणसं मुकी असतील, आमचा दादा मुका नव्हता. सगळे त्याला धडाम म्हणायचे. लहान मुलं रस्त्यात भेटली तरी 'धडामकाका, एकदा वाजवा ना' म्हणून मागे लागायची.

आणि हाच माणूस घरात इतका शांत की दार लावलं तरी कळायचं नाही. दिवसा सायकली दुरुस्त करायचा आणि दुरुस्त करताकरता आवाज गोळा करायचा. जुनी स्प्रिंग सापडली, की कानाशी नेऊन टिचकी मारून बघणार, आवडली की खिशात. आमच्या स्वयंपाकघरातली झाकणं तर एकेक करून थेटरात गेली. आई त्याच्यावर जाम वैतागायची. एकदा ती विनोदी चित्रपट बघायला आली होती, पडद्यावर एक लठ्ठ माणूस जिन्यावरून गडगडत खाली आला, शेवटच्या पायरीवर ठण्णकन आवाज झाला, आणि भर थेटरात आई उभी राहून म्हणाली, ते माझं दुधाच्या पातेल्याचं झाकण आहे. त्या दिवशी जिन्यावरच्या लठ्ठ माणसापेक्षा आईला जास्त हशा मिळाला.

दादा पडद्याच्या मागे स्टुलावर बसायचा, त्यामुळे जन्मभर त्याने चित्रपट पाहिले ते उलटे. पडदा म्हणजे शेवटी कापडच, चित्र मागूनही दिसतं, फक्त आपल्याला उजवीकडे दिसतं ते त्याला डावीकडे. मधे मधे अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्याही तो उलट्या वाचायचा, आणि पुढे बसलेले लोक सुलट्या वाचेपर्यंत याच्या वाचून व्हायच्या. पण या सवयीने त्याच्या डोक्यात डावं-उजवं याची पुरती भेळमिसळ झाली होती. बोलताना प्रत्येक वेळी मनातल्या मनात उलटवून बघायचा आणि मग सांगायचा. धडामला पत्ता विचारू नये, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता त्याच्या नियमाबद्दल सांगते, कारण तो नियम नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. सुरुवातीला दादा सगळ्यालाच वाजवायचा. मग एका चित्रपटात एक घरमालक एका म्हातारीची ट्रंक जिन्यावरून फेकून देतो, असं होतं. दादाने सवयीने बशांचं खोकं आदळलं, लोक हसले. घरी आल्यावर जेवला नाही. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आज लोक हसले ते मला बरं वाटलं नाही, मी वाजवलं म्हणून हसले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तो हात मांडीवर ठेवून गप्प बसला, आणि थेटरात कोणी हसलं नाही. तेव्हापासून ठरलं. शेठजी केळीच्या सालीवरून घसरला, ढोल. मोलकरणीने मालकाच्या टोपीवर पीठ ओतलं, ढोल आणि शिट्टी. पण मालकाने मोलकरणीला मारलं, तर शांत. मी एकदा विचारलं त्याला, असं का. तर म्हणाला, "वरचा खालच्याला मारतो ते रोजचंच आहे. त्याला काय वाजवायचं?"

हल्ली कोणी कोणी भाषणांत सांगतं, की त्या हसवणाऱ्या चित्रपटांतून समाजाला मोठा संदेश दिलेला असायचा. असेल बाबा. आमच्या दादाने संदेश हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. पण लोक कुठे हसले आणि कुठे नाही, हे त्याच्या हातात होतं, आणि त्या हाताला तो फार जपायचा.

मी तेव्हा कपडे शिवायच्या दुकानात कामाला होते. माझ्या शेजारच्या मशीनवर एक मुलगी बसायची, ती काजं करण्यात इतकी तरबेज की दुकानातले सगळे कोट शेवटी तिच्याकडे यायचे. काजं करते म्हणून तिचं नाव पडलं काजू. दिसायला नाजूक, पण बोलायला लागली की समोरच्याची बोलती बंद. तिची माझी गट्टी जमली, मी तिला थेटरात न्यायला लागले, आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ही बया पडद्याकडे बघतच नाही, डोळे मिटून ऐकत बसते. मी म्हटलं, झोपलीस का गं. तर म्हणाली, चित्र काय कोणीही बघेल. इकडे दादा सायकलीचं दुकान सोडून आमच्या शिवणाच्या दुकानाशी दिवसातून चार फेऱ्या मारायला लागला. चांगल्या शर्टाची बटणं तोडून आणायचा, मेला. मला सगळं दिसत होतं, मी काय आंधळी नव्हते.

अडचण होती ती काजूच्या वडिलांची. ते हवालदार. मोठ्या चौकात मधोमध उभे राहून गाड्या सोडायचे आणि थांबवायचे. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे काजूला त्यांनीच वाढवलेलं, आणि तिच्यावर त्यांचा जीव. कडक माणूस, पण वाईट नाही. मुलीने लग्नाचं काढलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, हा कापडामागे बसून ढोल बडवतो, ते काम म्हणायचं का? काजूने सांगितलं, की तुम्ही एकदा येऊन ऐका आणि मग काय ते ठरवा. त्यांनी हो म्हटलं. आणि काजूने मला स्वच्छ सांगितलं होतं, बाबा नाही म्हणाले तर मी त्यांना एकटं टाकून जाणार नाही. म्हणजे त्या एका खेळावर दादाचं सगळं ठरणार होतं.

त्याच सुमाराला एक वाईट गोष्ट झाली होती. बाजारात एक म्हातारा फळवाला त्याची हातगाडी भलत्या जागी लावून उभा होता. हवालदारांनी त्याला दोन शब्द सुनावले आणि सोडून दिलं. त्यांचा नवा साहेब मागून येत होता, त्याने ते पाहिलं आणि भर बाजारात हवालदारांच्या थोबाडीत मारली. साहेब वयाने त्यांच्या मुलासारखा. टोपी उडून चिखलात पडली. हवालदारांनी ती उचलली, पुसली, डोक्यावर ठेवली आणि सलाम केला. बाजारात सगळ्यांनी पाहिलं. पण लोकांची माया असते ना एखाद्या माणसावर, तसं झालं. त्यांच्यासमोर कोणी एक अक्षर काढलं नाही. काजूसमोरही नाही. दादाला मी सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ सायकलीचं चाक नुसतंच फिरवत राहिला.

ठरलेल्या संध्याकाळी नवा चित्रपट होता. एरवी नवीन चित्रपट आला की दादा सकाळी एकदा रिकाम्या थेटरात बघून घ्यायचा, कुठे काय वाजवायचं ते ठरवायचा. त्या दिवशी मेली मोटारच उशिरा आली, रिळांचे डबे पोचले तेव्हा दारात रांग लागली होती. थेटराच्या मालकाने तो चित्रपट दुसऱ्या गावात पाहिला होता. त्याने दादाला घाईघाईत गोष्ट सांगितली. भिंती रंगवणारा एक हडकुळा बेकार माणूस, खांद्यावर शिडी. रस्त्यात झोपतो म्हणून एक पोलीस त्याला पकडायला येतो, पण तो उपाशी आहे असं बघून आपल्याजवळचा अर्धा पाव देतो. तेवढ्यात पोलिसाचा साहेब येतो. पोलीस आणि साहेब दोघंही सारखेच ढेरपोटे, सारख्याच मिशा, सारखेच लांब कोट, फक्त साहेबाच्या बाहीवर पट्टे, आणि पडद्यामागून असले बारीक पट्टे कुठले दिसायला. दोघं दिव्याच्या खांबाभोवती गरागरा फिरतात आणि मग समोरासमोर उभे राहतात. तिथे घोटाळा होईल म्हणून मालकाने मुद्दाम बजावलं, फिरून झाले की साहेब डावीकडे, लक्षात ठेव. आणि पुढे थोबाडीत कोण कोणाला मारतं ते सांगणार, तेवढ्यात रांगेत भांडण लागलं आणि मालक तिकडे धावला.

आता यांच्या हुशारीला काय म्हणावं ते सांगा. मालकाला ठाऊक होतं की धडामला सगळं उलटं दिसतं, म्हणून त्याने बिचाऱ्याने आधीच उलटवून सांगितलं. दादाला वाटलं, मालक पुढून दिसतं तसं सांगतोय, म्हणून त्यानेही उलटवलं. दोघांनी एकमेकांची काळजी घेतली आणि दोघांनी मिळून माती केली.

पुढे आम्ही तिघं, मी, काजू आणि गणवेशातले हवालदार. थेटरात गर्दी मावत नव्हती. शिडी फिरली, एका बाईची टोपी उडाली, एक शेठजी खिडकीतून आत गेला, दादाने असा काही ढोल वाजवला की मी चोरून बघितलं तर हवालदारांच्या मिशीचं टोक हललं होतं. काजूने माझ्या मांडीला चिमटा काढला. अर्धा पाव दिला तिथे दादाने काहीच वाजवलं नाही, नुसती सायकलची घंटा एकदा हलकेच वाजवली, आणि हवालदार खुर्चीत थोडे पुढे सरकले. माझ्या जिवात जीव आला. मग साहेब आला. दोघं खांबाभोवती फिरले, थांबले. साहेबाने हात उगारला आणि पोलिसाच्या थोबाडीत मारली. टोपी उडाली.

आणि पडद्यामागून पट्टा, ढोल, शिट्टी, पत्रा, जे काय त्याच्याजवळ होतं ते सगळं एकदम वाजलं. दादाने आयुष्यात कधी इतक्या जोराने वाजवलं नसेल. लोक खो-खो हसले. हसताहसताच काहींना बाजारातली गोष्ट आठवली असणार, कारण माना एकेक करून आमच्याकडे वळायला लागल्या. हवालदार उठले. टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली, आणि कोणाकडे न बघता बाहेर गेले. काजू त्यांच्यामागे गेली. माझ्याकडे तिने वळूनही बघितलं नाही.

रीळ बदलायला यंत्र थांबलं, तशी मी पडद्यामागे गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. दादा घामाने निथळत होता आणि हसत होता. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "हवालदार हसले का गं? मी त्यांच्यासाठी वाजवलं."

त्याला वाटलं होतं की पोलिसाने साहेबाला मारली. बाजारात जे हवालदारांना करता आलं नाही, ते पडद्यावरच्या पोलिसाने केलं, म्हणून त्याने जीव तोडून वाजवलं होतं. मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्याने हातातली टिपरी खाली ठेवली आणि परत उचलली, कारण दुसरं रीळ सुरू झालं होतं. उरलेला खेळ त्याने कसा वाजवला ते त्यालाच ठाऊक.

सकाळी तो हवालदारांच्या घरी गेला. दार उघडलं नाही. आतून काजूने सांगितलं, बाबा म्हणतात ज्याला माणसाची थट्टा करून टाळ्या घ्यायच्या आहेत त्याने आमच्या दारात येऊ नये. दादा परत आला आणि कोणाच्या तरी सायकलीचं चांगलं चाक काढून परत बसवत बसला. मला त्याचा राग आला होता, पण तेवढीच त्याची कीवही आली. काही झालं तरी माझा भाऊ.

दुकानात काजू आली ती मान खाली घालून. काजामागून काजं. शेवटी मीच मशीन थांबवली आणि तिला सगळं सांगितलं, मालकाचं उलटवणं, दादाचं उलटवणं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला सांगून काय उपयोग, मला काल आवाज ऐकूनच कळलं होतं की काहीतरी चुकलंय, ते कधी तिथे वाजवत नाहीत. सांगायचं तर बाबांना सांग, माझं ते ऐकत नाहीत. आणि हे बोलताना तिच्या हातातल्या कोटावर टपकन पाणी पडलं.

मी कात्री ठेवली आणि सरळ चौकात गेले. हवालदार मधोमध उभे. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं, तशी मी फिरून त्यांच्या समोर आले. गाड्या बाजूने चालल्या होत्या, एक गाडीवाला मला शिव्या देत गेला. मी म्हटलं, काका, ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही, मग मला पकडून न्यायचं तर न्या. आणि सगळं सांगितलं. तेवढ्यात त्यांनी एका गाडीला हाताने उजवीकडे जायला सांगितलं आणि तो गाडीवाला नेमका डावीकडे वळला. हवालदारांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. समोरून येणाऱ्याला आपला उजवा हात डावीकडे दिसतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. सगळी नोकरी त्यातच गेली होती.

तरी ते लगेच विरघळले नाहीत. म्हणाले, डाव्या-उजव्याचं मला पटतं, पण वरच्याने मारलं तर तो वाजवत नाही, हे मी कशावरून मानू? मी म्हटलं, आज येऊन बघा. त्यावर ते बराच वेळ गाड्या सोडत राहिले. शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या लोकांच्या समोर मी परत बसणार नाही, पोरी."

मी म्हटलं, समोर कशाला बसता. पडद्याच्या मागे बसा. मागे तुम्हाला कोणी बघणार नाही.

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पुढच्या गाडीला हात केला.

संध्याकाळी मी काजूला जवळजवळ ओढतच थेटरात नेलं. कडेच्या बाकावर बसलो. हवालदार ड्यूटीवरून घरी आले नव्हते, कुठे होते ते तिला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. पडद्यामागे जाऊन बघावं असं दहादा मनात आलं, पण पाय उचलेना. ते आलेच नसतील तर दादाचं तोंड बघायची माझ्यात हिंमत नव्हती. काजू म्हणाली, तू नखं खाऊ नकोस. तिची स्वतःची केव्हाच खाऊन झाली होती.

शिडी फिरली. शेठजी खिडकीतून आत गेला. अर्धा पाव दिला, घंटा वाजली. दोघं खांबाभोवती फिरले आणि थांबले. हात वर गेला, थोबाडीत बसली, टोपी उडाली.

काही वाजलं नाही. यंत्राची खडखड तेवढी ऐकू येत होती. आदल्या दिवशी याच जागी गडगडाट झाला होता, आणि आता बायकांच्या बाजूने कोणीतरी हळहळल्याचा आवाज आला. पडद्यावरचा पोलीस वाकून टोपी उचलत होता आणि त्याच्याकडे सगळे गप्प बसून बघत होते. मी शेजारी बघितलं. काजूने डोळे मिटले होते आणि ओठ घट्ट दाबून धरले होते.

मग तो हडकुळा रंगारी पोलिसाला हात द्यायला वळला, खांद्यावरची शिडीही वळली, तिचं टोक साहेबाच्या पाठीत बसलं आणि साहेब चुन्याच्या पिंपात डोक्यावर गेला. चित्रपटातली सगळ्यांत मोठी पडापड ती. लोकांनी हसायला तोंडं उघडली, आणि ढोल वाजलाच नाही. दादाचा ढोल कधी पापणी लवण्याइतकाही उशीर करायचा नाही. साहेबाचे पाय पिंपातून वर हलायला लागले, तरी काही नाही.

आणि मग वाजला. उशिरा, बेताल, पण इतक्या जोराने की पडदा हलला आणि साहेबाच्या पायांना लाट आली. मी म्हटलं, हा दादाचा हात नव्हे. पुन्हा वाजला. साहेबाने पिंपातून पांढरंफेक तोंड वर काढलं, पुन्हा वाजला. साहेब पळून गेला, रंगारी आणि पोलीस फुटपाथवर बसून उरलेला पाव खायला लागले, तरी ढोल वाजतच होता, धडाम धडाम, कशालाही धरबंध नाही. लोकांना आता चित्रपटाचं काही पडलं नव्हतं, त्या ढोलालाच सगळे पोट धरून हसत होते, आणि ते हसणं कोणाला लागेल असं नव्हतं.

काजूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. म्हणाली, "बाबा आहेत."

ती रडत होती, आणि मीही. ढोल थांबला. पडद्यापलीकडून हवालदारांचा आवाज आला, धाप लागलेला, पण चौकात लावतात तसा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"घ्या जावईबापू, आता तुम्ही वाजवा."